पट्टी तुटायला हवी

पिकांवर घालायची कापडं शिवणारं ते दुकान रस्त्याच्या वळणावर होतं, आणि त्याची मागची भिंत अशी की सकाळी ऊन जे तिच्यावर येऊन बसायचं ते मावळतीलाच उठायचं. दुसऱ्या कुणाची भिंत असती तर त्यानं तिच्यावर कपडे वाळत घातले असते. दुकानाच्या मालकांनी, म्हणजे सुनेच्या सासऱ्यांनी, तिच्यावर पट्ट्या ठोकल्या होत्या.

पट्ट्या म्हणजे काय, तर खरं सांगायचं तर चिंध्याच. नवा तागा आला की शिवणीला घेण्याआधी त्याची हातभर लांब, दोन बोटं रुंद पट्टी कापायची आणि भिंतीवर खिळ्यानं ठोकायची. कापड तिकडे रोपांवर ऊन खाणार, पट्टी इकडे भिंतीवर ऊन खाणार. मग दर आठवड्याला सासरे एकेक पट्टी धरून ओढून बघायचे. टिकली, तर पुढची. तुटली, की हातातली कात्री खाली ठेवून सायकल काढायची आणि त्या ताग्यातलं कापड ज्यांनी ज्यांनी नेलं असेल त्यांच्या दारात जाऊन उभं राहायचं. "कापड बदला. वरून धडधाकट दिसतंय, पण आतून संपलंय. वारा आला की हातात येईल."

हे वरून दिसत नाही, तीच तर सगळी गोम आहे. कारखान्यात या कापडाच्या धाग्यात उन्हाला तोंड देणारं औषध मिसळलेलं असतं. ते उन्हाशी लढत लढत संपतं, आणि ज्या दिवशी संपतं त्या दिवशी काही दवंडी पिटत नाही. कुठल्या ताग्यात औषध हात राखून घातलंय आणि कुठल्यात सढळ, हे ताग्याच्या तोंडावर लिहिलेलं नसतं. म्हणून पट्टी. कुठली पट्टी कुठल्या कापडाची हे कळायला प्रत्येक ताग्याला दोऱ्याचा वेगळा रंग. लाल दोऱ्यानं शिवलेलं कापड नेलेल्यांची पट्टी लाल दोऱ्याची, हिरव्याची हिरवी. बाकी कुणाचं कापड कुठं गेलं ते सगळं सासऱ्यांच्या डोक्यात. आसपासचे लोक त्यांना पट्टीवाले म्हणत, आणि काही आगाऊ लोक 'आले बघा अशुभ बातमीवाले' असंही म्हणत. पण म्हणता म्हणता कापड बदलत.

घरात मात्र या पट्ट्यांना मान नव्हता. सासूबाई म्हणजे स्वच्छतेचा दुसरा अवतार. त्यांच्या घरात धूळसुद्धा विचारून बसायची. सासऱ्यांच्या खिशात नेहमी तुटलेल्या पट्ट्यांचे तुकडे असत आणि संध्याकाळी ते जमिनीवर सांडत. "लोकांचे नवरे खिशातून रुमाल काढतात, माझा चिंध्या काढतो!" असं म्हणत सासूबाई केरसुणी घेऊन मागोमाग. इतकी वर्षं संसार झाला, पण घरात एक चिंधी त्यांनी रात्रभर राहू दिली नाही.

सून या घरात आली तेव्हा तिला शिवणयंत्र चालवता यायचं, एवढंच. बाकी सगळं सासऱ्यांनी शिकवलं. कड दुमडून कशी शिवायची, कडी कुठं बसवायची, लोखंडी पाइप उन्हात तापतो आणि कापड आधी तिथंच जळतं म्हणून पाइपला पांढरा रंग कसा द्यायचा. माणूस बोलायला कमी, पण शिकवायला लागला की हातचं काही राखायचं नाही. तिच्या माहेरी कुणी तिला कधी कसलं काम नीट शिकवलं नव्हतं. पहिलं कापड तिनं एकटीनं शिवलं तेव्हा सासऱ्यांनी कड उलटून पाहिली, पुन्हा पाहिली, आणि म्हणाले, "माझ्यापेक्षा सरळ आलीय." ते वाक्य तिनं मनात जपून ठेवलं होतं.

आणि बोलणी? तीही खाल्ली. पहिल्याच वर्षी तिनं एक कोरा तागा अंगणात उतरवून घेतला आणि जेवायला निघून गेली. परत आली तर सासरे ताग्यापाशी उभे. एवढा शांत माणूस, पण त्या दिवशी आवाज गल्लीच्या टोकाला गेला. "कापड उन्हासाठी शिवायचं, पण ठेवायचं सावलीत! अंगणात तागा म्हणजे मांजरापुढे दूध!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण धडा पक्का झाला. त्यानंतर ती कापडाचा तुकडासुद्धा उन्हात राहू देईना. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं, त्यातली गत.

आणि नेमकं तिथंच घोडं पेंड खात होतं, पण ते कुणाला दिसलं नव्हतं.

गेल्या वर्षी, उन्हाळा तोंडावर असताना, सासरे दुकानात कात्री हातात घेऊन उभ्याउभ्या कोसळले. अर्धं अंग गेलं. उजवा हात, उजवा पाय, आणि जीभ जड. दवाखाना, इंजेक्शनं, मग घरी खाट. नवरा टेम्पोवर माल पोचवायचा, सासूबाई खाटेपाशी, आणि दुकान सगळं सुनेच्या अंगावर. तिनं ते पेललं, उगाच खोटं कशाला बोला. पण घरात आजारी माणूस असलं की हात रिकामे बसत नाहीत. काही ना काही नीटनेटकं करावंसं वाटतं. भिंतीवरच्या त्या पट्ट्या उन्हात फडफडताना बघून तिच्या जिवाला लागायचं. बाबांच्या हातच्या पट्ट्या, आणि अशा उन्हात होरपळतायत? तिनं एक चांगली फळी आणली, रंगवली, दुकानाच्या पुढच्या पडवीत छपराखाली लावली, आणि भिंतीवरच्या सगळ्या पट्ट्या काढून तिथं नीट रांगेत लावल्या. एकदोन पट्ट्यांचे खिळे गंजले होते. तिथं ओढूनच काढाव्या लागल्या. येणारं गिऱ्हाईक म्हणायचं, "वा, आता कसं दुकानासारखं दुकान दिसतंय!"

आणि हो, आळस तिनं केला नाही. दर आठवड्याला ती एकेक पट्टी ओढायची, अगदी सासऱ्यांसारखी पाय रोवून. पट्ट्या टिकत होत्या. तिला वाटायचं, बाबांची पुण्याई.

रोपवाल्या काकू या उन्हाळ्याच्या सुरुवातीला आल्या. रस्त्याच्या पलीकडच्या अंगाला त्यांची रोपवाटिका. टोमॅटो, कोबी, मिरची, वांगी अशी भाजीची रोपं तयार करून त्या शेतकऱ्यांना द्यायच्या. यंदा त्यांनी होतं नव्हतं ते सगळं त्या रोपांत घातलं होतं. दरवर्षीच्या दुप्पट वाफे. "काय गं पोरी, माझं कापड बदलू का यंदा? सासऱ्यांनी देतानाच तोंडावर सांगितलं होतं, हा तागा मला बरा वाटत नाही, दुसरा माल आला नाही म्हणून देतोय, वेळ आली की सांगायला येईन. आता तिसरा उन्हाळा आलाय."

सून फळीपाशी गेली, लाल दोऱ्याची पट्टी चांगली दोन हातांनी ओढली, आणि परत येऊन म्हणाली, "काकू, निर्धास्त राहा. पट्टी शाबूत आहे."

काकू गेल्या. पट्टीवाल्यांच्या घरचा शब्द म्हणजे त्यांच्यासाठी काळ्या दगडावरची रेघ.

सासरे पहिल्यांदा दुकानात आले तो दिवस सगळ्यांनी मोठा केला. नवऱ्यानं टेम्पोतून आणलं, सासूबाईंनी त्यांना पांढरा शर्ट इस्त्री करून घातला होता, सुनेनं पडवीत खुर्ची मांडली. उजव्या हातात त्यांना दाबायला दिलेला रबरी चेंडू. सून उत्साहानं म्हणाली, "बाबा, बघा, तुमच्या पट्ट्या कशा रांगेत लावल्यात!"

सासऱ्यांनी फळीकडे पाहिलं आणि तोंडाच्या एका बाजूनं हसले. त्यांना वाटलं, आपण येणार म्हणून कालच सजवून लावल्यात. पोरीचा जीव आहे, करू दे. मग चेंडू मांडीवर ठेवून त्यांनी उजवा हात उचलला. तो हळूहळू, थरथरत लाल दोऱ्याच्या पट्टीपर्यंत गेला. पट्टी बोटांत धरली. ओढली.

काही झालं नाही.

पुन्हा ओढली. मग डावा हात मदतीला घेतला, कपाळावर घाम आला, पट्टी ताणली गेली आणि तशीच राहिली. सासऱ्यांनी पट्टी सोडली आणि स्वतःच्या बोटांकडे बघत बसले.

"तुटायला... हवी," ते जड जिभेनं म्हणाले.

"अहो, येईल ताकद!" सासूबाई लगेच पुढे झाल्या. "महिन्याभरापूर्वी चमचा धरता येत नव्हता. असं काय करता?"

"लाल... तिसरा. तुटायला हवी."

"बाबा, दम धरा ना," नवरा म्हणाला. "हात सुधारतोय."

सासऱ्यांनी मान फिरवली. चहा आणला तो घेतला नाही. 'घरी' एवढंच म्हणाले. टेम्पोत चढताना त्यांनी चेंडू सीटवर टाकून दिला तो टाकूनच दिला. ज्या हातानं आयुष्यभर कापडाची नाडी पाहिली तो हात गेला, हे त्यांनी मनाशी धरलं, आणि एकदा त्यांनी काही मनाशी धरलं की सोडवणारा अजून जन्माला यायचा होता.

सून मशीनवर बसली, पण पाय चालेना. त्यांचं ते बघणं तिच्या डोळ्यांपुढून जाईना. तुटायला हवी, असं का म्हणाले? तुटत नाही, असं का नाही म्हणाले? ती उठली आणि पडवीत आली. लाल दोऱ्याची पट्टी हातात घेतली. ओढली. टिकली. पण हातातली पट्टी गार लागली. बाहेर रस्त्यावर डांबर वितळावं असं ऊन, आणि पट्टी मात्र विहिरीतून काढल्यासारखी गार.

ती तशीच मागच्या भिंतीकडे धावली.

भिंत रिकामी होती, नुसते गंजलेले खिळे. त्यातल्या एका खिळ्याखाली लाल दोऱ्याचं टोक अडकलेलं. गेल्या वर्षी ओढून काढताना मागे राहिलेलं पट्टीचं शेपूट, बोटाच्या पेराएवढं. ते वर्षभर, सगळ्यांनी विसरल्यावरही, तिथंच ऊन खात बसलं होतं. तिनं ते चिमटीत धरलं. ओढायचीसुद्धा वेळ आली नाही. सुकल्या पानासारखा त्याचा चुरा झाला आणि चिमटीत नुसता लाल दोरा उरला.

बाबांचा हात अगदी बरोबर होता. खोटं बोलत होती ती पट्टी; आणि तिला खोटं बोलायला शिकवलं होतं हिनं, सावलीत लाडानं ठेवून! आणि काकूंना काय सांगितलं होतं? निर्धास्त राहा!

नवरा घरून परत येत होता तोच ती रस्त्यात आडवी झाली. "टेम्पो वळवा. तो पांढरा तागा चढवा, कापून ठेवलेले दोन्ही भाग, आणि मोठ्या सुयांची पेटी."

"अगं, ते कापड दुसऱ्याचं आहे. उद्या द्यायचंय."

"त्याला आठवडाभर थांबता येईल. काकूंच्या रोपांना नाही थांबता येणार. चढवा म्हणते ना!"

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोचा असा आवाज त्यानं ऐकला नव्हता. त्यानं तागा चढवला.

काकू कमानींच्या तोंडाशीच पाणी देत होत्या. आत हिरवीगार रोपं, वाफ्यामागून वाफे, थोड्याच दिवसांत लोक न्यायला येणार. वर लाल दोऱ्यानं शिवलेलं पांढरं कापड ताणून बसवलेलं, दिसायला अगदी ठणठणीत. सून सरळ एका कमानीपाशी गेली आणि जिथं कापड लोखंडी पाइपला टेकलं होतं तिथं तिनं अंगठा टेकवला. अंगठा आरपार गेला.

काकूंच्या हातातली झारी खाली आली. "अगं, तू तर म्हणाली होतीस पट्टी शाबूत आहे!"

"म्हणाले होते, काकू. पट्ट्या मी छपराखाली लावल्या होत्या. वर्षभर त्यांनी ऊन बघितलंच नाही. चूक माझी आहे. आज बाबा दुकानात आले म्हणून कळलं."

रागानं काकूंच्या नाकपुड्या फुलल्या. वर ऊन रणरणत होतं आणि पलीकडच्या झाडांची टोकं हलायला लागली होती. दुपारचा वारा उठत होता. शेवटी त्या म्हणाल्या, "मग उभी काय राहिलीस? धर कड."

पहिलं काम म्हणजे जुनं कापड काढायचं नाही. सावलीत वाढलेली रोपं, भर उन्हात उघडी पडली तर माना टाकतील. आधी नवं वरून चढवायचं, ऊन उतरलं की जुनं खालून अलगद ओढून काढायचं. हे सासऱ्यांनीच शिकवलेलं. पण नवं कापड अजून दोन सुट्या भागांत होतं. जोडल्याशिवाय ते कमानी झाकणार नव्हतं. सून जमिनीवर फतकल मारून बसली आणि हातानं टाके घालायला लागली. नवऱ्याला सांगितलं, "पाइपांना पांढरी चिंधी गुंडाळा, म्हणजे हे तरी जळणार नाही." तो गुंडाळत सुटला.

अर्धी शिवण झाली असेल नसेल, तोच वाऱ्याचा पहिला झोत आला आणि जुन्या कापडाला मधोमध भोक पडलं. मग कोपऱ्यापर्यंत चर्रकन फाटलं. टोकाच्या वाफ्यांवर ऊन सांडलं. काकू 'अगं बाई' म्हणून घराकडे पळाल्या आणि जे हाताला लागेल ते घेऊन आल्या. चादरी, दारांचे पडदे, एक टेबलावरचं कापड. काकूंचे यजमान म्हणजे काका पायानं जरा अधू, आयुष्यात घाई कधी केली नव्हती. त्यांच्या हातात चादरीचं एक टोक देऊन त्यांना वाफ्याच्या एका बाजूला उभं केलं आणि दुसऱ्या टोकाला काकू. शेजारच्या दोघीतिघी आवाज ऐकून आल्या, त्यांनी पडदे धरले.

"लग्नातसुद्धा मी इतका वेळ उभा नव्हतो," काका घाम पुसायला हात मोकळा नसल्यामुळे खांद्याला कपाळ घासत म्हणाले.

"लग्नात तुम्ही बसलात ते अजून उठला नाहीत, त्याचं काय?" काकू तिकडून ओरडल्या. "चादर वर धरा! मिरचीवर ऊन येतंय!"

सगळे हसले. सून टाके घालता घालता हसली आणि त्याच वेळी तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ज्यांचं नुकसान तिच्यामुळं होतंय तीच माणसं तिच्यादेखत हसत होती. बोटांत सुई दोनदा घुसली, तिनं बोट तोंडात घालून पुन्हा टाका घेतला. शिवण वेडीवाकडी आली असेल असं तिला वाटलं, पण संपली तेव्हा सरळ होती. सासऱ्यांनी हाताला जे वळण लावलं होतं ते घाईतही सुटत नव्हतं.

नवं कापड दोराला बांधून सगळ्यांनी मिळून कमानींवरून ओढलं. फडफडलं, तटलं, एका कोपऱ्यात अडकलं, नवऱ्यानं शिडीवर चढून सोडवलं, आणि शेवटी ते टोकापर्यंत पोचलं आणि खाली हिरव्या रोपांवर पांढरी सावली पसरली. काकूंनी हातातली चादर खाली टाकली. आत जाऊन त्या वाफ्यावाफ्यानं वाकून बघत आल्या. टोकाचा मिरचीचा एक वाफा आणि वांग्यांची थोडी रोपं माना टाकून बसली होती. बाकी सगळी उभी.

सून म्हणाली, "काकू, त्या वाफ्याचं मी भरून..."

"गप बस," काकू म्हणाल्या. त्यांनी तिचे दोन्ही हात धरले आणि भोकं पडलेली बोटं पाहिली. "फाटल्यावर नवं कापड विकायला दहाजण येतात. फाटायच्या आधी असं धावत येणारं घर मला एकच माहीत आहे. चुकलं ते चुकलं, पण चुकलं म्हणून तू तोंड लपवून बसली नाहीस. आज तू आली नसतीस तर उद्या मला इथं नुसती माती दिसली असती. तुझ्या सासऱ्यांना माझा निरोप सांग. म्हणावं, तुम्ही नाही आलात तरी तुमचं कुणीतरी आलं."

सुनेनं मान हलवली. मग कमानीखाली पडलेला जुन्या कापडाचा ढिगारा दिसला, आणि तिला काहीतरी सुचलं. तिनं त्यातली मोठी वळकटी उचलून टेम्पोत टाकली.

"ह्या चिंध्या कशाला?" नवऱ्यानं विचारलं.

"घरी न्यायच्यात."

"आईनं बघितलं तर दोघांना बाहेर झोपवेल."

"झोपवू दे."

घरी पोचले तेव्हा ऊन कलत होतं. सासरे खिडकीपाशी भिंतीकडे तोंड करून बसले होते. ताटाला हात लावला नव्हता. सासूबाई दारातच कुजबुजल्या, "एक शब्द नाही. चेंडू दिला तर भिरकावून दिला. गेला म्हणे हात. आता काय करायचं गं?"

सून सरळ आत गेली आणि वळकटी त्यांच्यासमोर जमिनीवर टाकली. धूळ उडाली. सासूबाईंचा हात आपोआप केरसुणीकडे गेला.

"बाबा," ती म्हणाली, "हे काकूंचं कापड. लाल दोऱ्याचं." तिनं त्यातली एक पट्टी कापली आणि त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांत दिली. "ओढा."

त्यांनी मान हलवली. नाही.

"ओढा ना, बाबा."

"अहो ओढा!" सासूबाई दारातून ओरडल्या. "पोरगी एवढं सांगतेय!"

सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग पट्टीकडे. बोटं मिटली. हात थरथरला आणि ओढला गेला. कट्. पट्टीचे दोन तुकडे झाले, एक हातात राहिला आणि एक मांडीवर पडला.

त्यांनी मांडीवरचा तुकडा उचलून पाहिला.

"तुमचा हात गेलेला नाही, बाबा," सून त्यांच्यापुढे खाली बसून म्हणाली. "तुमचा हात बरोबर सांगत होता. मीच पट्ट्या वर्षभर छपराखाली टांगून ठेवल्या. तुम्ही म्हणालात तुटायला हवी, आणि आम्ही सगळे तुमच्या हाताला दोष देत बसलो. आज तुम्ही आला नसता, ती पट्टी ओढली नसती, तर मला कळलंच नसतं. काकूंची रोपं तुमच्या या हातानं वाचवली. काकूंनी निरोप दिलाय तुम्हाला."

"सावलीत?" सासरे म्हणाले.

"सावलीत."

"वर्षभर?"

"वर्षभर. आणि दर आठवड्याला ओढत होते, पाय रोवून."

ती वाट बघत होती, आता तो आवाज येईल, मांजर आणि दुधाचा. तिनं खांदेसुद्धा आवळून घेतले होते. पण सासऱ्यांच्या तोंडाची ती एक बाजू हलली, मग दुसरी हलायचा प्रयत्न करू लागली, आणि छातीतून घरघरत एक हसू बाहेर आलं. ते हसत राहिले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग डाव्या हातानं त्यांनी सुनेच्या डोक्यावर थोपटलं.

"कापडाला... मायेनं जपलंस," ते एकेक शब्द उचलून ठेवत म्हणाले. "उद्या... भिंतीवर. आणि लाल दोरा... अजून तिघं आहेत."

"मला कुठं माहितीय? कोण कोण?"

"मी सांगतो. सायकल... तू."

"सायकल मी," सून म्हणाली आणि रडता रडता हसली.

मग सासऱ्यांनी उजवा हात पुढे केला, तळवा वर, बोटं अर्धवट उघडी. अजून एक पाहिजे होती. सुनेनं कात्रीकडे हात नेला, पण त्याआधीच कुणीतरी वळकटीपाशी येऊन बसलं होतं. केरसुणी दारात आडवी पडलेली होती. सासूबाईंनी कापडाची पट्टी फाडली आणि नवऱ्याच्या बोटांत दिली. कट्. दुसरी दिली. कट्. जमिनीवर चिंध्यांचा खच पडत चालला होता, सासरे लहान मुलासारखे पट्ट्या तोडत होते, आणि जिनं जन्मात घरात एक चिंधी राहू दिली नाही ती बाई न बोलता पुढची पट्टी फाडून देत होती.